गृहनिर्मित विमानांची विद्युत्-यंत्रणा : तिचा विकास आणि तिची नोंद

१. विषयाची मर्यादा

विमानविद्येचा इतिहास लिहिताना पंखांचा आकार, सांगाड्याचे वजन आणि इंजिनाची शक्ती या तीन गोष्टींकडे अभ्यासकांचे लक्ष प्रथम जाते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु विमानाच्या अंतर्भागातून फिरणाऱ्या तारांचा इतिहास मात्र बहुधा अलिखितच राहिला आहे. मोठ्या कारखान्यांत तयार होणाऱ्या विमानांच्या बाबतीत ही उणीव फारशी जाणवत नाही. कारण तेथे प्रत्येक तारेला क्रमांक असतो, प्रत्येक जोडाची नोंद असते आणि ते कागद जपून ठेवण्याची जबाबदारी कोणाची हे ठरलेले असते. याउलट, एखाद्या हौशी माणसाने आपल्या घरी, गच्चीवर किंवा अंगणातील छपराखाली बांधलेल्या विमानात तारा कोणी व कशा ओढल्या, बिघाड कसा शोधला, कोणता जोड का बदलला, हे बांधणाऱ्याच्या स्मरणातच राहते, आणि त्याच्याबरोबरच नाहीसे होते.

अशा गृहनिर्मित विमानांतील विद्युत्-यंत्रणेचा विकास कोणत्या टप्प्यांनी झाला, बिघाड शोधण्याची पद्धत त्याबरोबर कशी पालटली, आणि महाराष्ट्रातील अनुभव या संदर्भात काय सांगतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. लेखाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे : गृहनिर्मित विमानाचा इतिहास साहसाच्या कथांतून जितका कळतो, त्यापेक्षा अधिक तो तारजोडणीच्या नकाशातून आणि चाचणीच्या वहीतून कळतो, आणि जेथे असा नकाशा नाही, तेथे इतिहासकाराचा निर्णय व वैमानिकाचा जीव हे दोन्ही सारखेच निराधार होतात.

२. मॅग्नेटोचा काळ

१७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंनी जे उड्डाण केले त्या यंत्रात बॅटरी नव्हती. इंजिनाच्या नळकांड्यांत ठिणगी पाडण्यासाठी मॅग्नेटो बसविलेला होता व तो इंजिनाच्या गतिचक्रावर घासून फिरत असे. इंजिन प्रथम सुरू करण्यापुरती कोरड्या घटांची बॅटरी व वेटोळे वापरले जाई; ते साहित्य इंजिन सुरू झाल्यावर जमिनीवरच राहत असे. पुढील अनेक दशके लहान विमानांच्या बाबतीत हीच परंपरा कायम राहिली. जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून मुंबईस टपाल आणले, ते रेडिओवाचून. फ्रान्समध्ये आंरी मिन्ये याने १९३४ च्या सुमारास सामान्य माणसाला बांधता येईल अशा ज्या चिमुकल्या विमानाचा प्रसार केला, त्यातही विजेचा उपयोग इंजिनाच्या ठिणगीपलीकडे जवळजवळ नव्हता.

मॅग्नेटो हे स्वयंपूर्ण यंत्र आहे. त्यातील स्थायी चुंबक फिरला की वेटोळ्यात प्रवाह उत्पन्न होतो. बाहेरून वीज पुरवावी लागत नाही. यामुळे बॅटरी संपली तरी इंजिन बंद पडत नाही. परंतु त्यामुळेच मॅग्नेटोचे तर्कशास्त्र घरगुती विजेच्या नेमके उलट आहे. घरातील दिव्याची तार तुटली तर दिवा विझतो. मॅग्नेटो बंद करण्यासाठी मात्र त्याचे प्राथमिक वेटोळे स्विचाच्या द्वारे इंजिनाच्या अंगाशी जोडावे लागते. म्हणून स्विचाकडे जाणारी तार तुटली तर मॅग्नेटो बंद होत नाही, तो जिवंतच राहतो. स्विच ‘बंद’ दाखवीत असताना कोणी पंखा हाताने फिरविला तर इंजिन अचानक सुरू होऊ शकते. पंख्याच्या आघाताने झालेल्या कित्येक अपघातांच्या मुळाशी हीच गोष्ट आहे.

उड्डाणापूर्वी दोन मॅग्नेटोंपैकी एकेक आळीपाळीने बंद करून इंजिनाचे फेरे किती घटतात हे पाहण्याची चाल यातूनच रूढ झाली. फेरे थोडे घटावेत अशी अपेक्षा असते. ते फार घटले तर ठिणगीत दोष आहे. पण ते मुळीच घटले नाहीत, तर नवशिका वैमानिक ती शुभ गोष्ट समजतो आणि जाणता वैमानिक तेथेच थांबतो. कारण त्याचा अर्थ असा होऊ शकतो की, बंद केलेला मॅग्नेटो प्रत्यक्षात बंद झालेलाच नाही. बिघाड शोधण्याच्या शास्त्रातील पहिला धडा या साध्या चाचणीत सामावलेला आहे. यंत्र चालते आहे एवढ्यावरून ते निर्दोष आहे असे अनुमान काढता येत नाही.

३. बॅटरी, जनित्र आणि परतीची तार

दुसऱ्या महायुद्धानंतर परिस्थिती पालटली. अमेरिकेत १९५३ मध्ये पॉल पोबेरेझ्नी यांनी मिल्वॉकी येथे एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन ही संस्था स्थापन केली आणि हौशी विमानबांधणीस संघटित रूप आले. विमानाचा अर्ध्याहून अधिक भाग बांधणाऱ्याने शिक्षणासाठी वा विरंगुळ्यासाठी स्वतः बांधलेला असावा, हे तत्त्व तेथील नियमांत मान्य झाले. याच काळात विद्युत्-चालित स्टार्टर, दिवे व रेडिओ लहान विमानांतही येऊ लागले, आणि त्यांच्यासाठी बॅटरी व जनित्र अपरिहार्य झाले. पुढे मोटारगाड्यांतील अल्टर्नेटर स्वस्त व सुलभ झाल्यावर हौशी बांधणाऱ्यांनी तोच उचलला.

अल्टर्नेटर हलका असतो आणि मंद गतीतही पुरेसा प्रवाह देतो. परंतु त्याच्या नियामकात दोष निर्माण झाला तर त्याचा दाब आवरत नाही. बारा व्होल्टांच्या यंत्रणेत उड्डाणाच्या वेळी चौदा व्होल्टांच्या आसपास राहावयाचा दाब झपाट्याने चढतो, बॅटरी उकळू लागते व रेडिओ जळतात. म्हणून दाब ठराविक मर्यादेबाहेर गेला की अल्टर्नेटरचा क्षेत्रप्रवाह आपोआप तोडणारी योजना विमानात आवश्यक ठरली. मोटारीत रस्त्याच्या कडेला थांबता येते. आकाशात कडा नसते, एवढाच फरक येथे निर्णायक आहे.

सांगाड्याचे द्रव्य पालटल्यामुळे आणखी एक स्थित्यंतर घडले. ॲल्युमिनियमच्या विमानात धातूचे अंग हाच प्रवाहाचा परतमार्ग होऊ शकतो. परंतु बर्ट रुटान यांच्या व्हॅरिईझ (१९७५) व लाँग-ईझ (१९७९) या काचतंतूंच्या विमानांनी हौशी बांधणीचे स्वरूपच बदलून टाकले, आणि त्यांच्या अंगातून वीज वाहत नाही. बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने ऐंशीच्या दशकात याच लाँग-ईझच्या धर्तीवर एक संशोधन-विमान सिद्ध केले होते. लाकडाच्या किंवा काचतंतूंच्या विमानात प्रत्येक उपकरणास जाणाऱ्या तारेबरोबर येणारी तारही ओढावी लागते. या परतीच्या तारा वाटेल तेथे जोडल्या की त्यांच्यात वेगवेगळे दाब उत्पन्न होतात, आणि रेडिओत इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढत जाणारी शीळ ऐकू येते. सर्व परतमार्ग एकाच बिंदूवर आणावेत हा नियम अशा अनुभवांतून रूढ झाला. कॅन्ससमधील विद्युत्-अभियंते रॉबर्ट नकल्स यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या ‘एरोइलेक्ट्रिक कनेक्शन’ या ग्रंथाद्वारे त्याची व अशाच अनेक नियमांची पद्धतशीर मांडणी केली.

४. ‘बिघडणार नाही’ हून ‘बिघडले तर’ कडे

नकल्स यांच्या मांडणीचे वैचारिक महत्त्व ध्यानात घेण्याजोगे आहे. उपकरण उत्तमात उत्तम आणावे म्हणजे ते बिघडणार नाही, अशी जुन्या बांधणाऱ्यांची श्रद्धा होती. नव्या विचाराने प्रश्नच बदलला. प्रत्येक भागाविषयी चार गोष्टी विचाराव्यात : तो कसा बिघडू शकेल? बिघडल्याचे वैमानिकास कसे कळेल? उड्डाण सुखरूप संपविण्यास तो आवश्यक आहे काय? आणि आवश्यक असल्यास त्याला पर्याय कोणता? या प्रश्नांची उत्तरे कागदावर मांडल्यावाचून तार ओढावयास घेऊ नये, असा या पद्धतीचा दंडक आहे.

उड्डाण संपेपर्यंत लागणारी थोडकी उपकरणे वेगळ्या बसबारवर घ्यावयाची, त्या बसबारला नेहमीचा पुरवठा मुख्य बसबारवरून डायोडमार्फत व्हावयाचा, आणि अल्टर्नेटर निकामी झाल्यास मुख्य मार्ग बंद करून स्वतंत्र स्विचाने तो थेट बॅटरीस जोडावयाचा, ही योजना याच विचाराचे फळ आहे. तिचे गणित सोपे आहे. १८ अँपिअर-तासांच्या बॅटरीवर १५ अँपिअरचा भार ठेवला तर ती कागदोपत्रीही सव्वा तासापलीकडे पुरत नाही. भार ६ अँपिअरवर आणला तर तीच तीन तास पुरते. परंतु बॅटरी जुनी होऊन तिची क्षमता निम्म्यावर आली असेल तर तीन तासांचे दीड तास होतात. म्हणून बॅटरी इंजिन सुरू करू शकते एवढी खूण पुरेशी नसते. ठराविक काळाने तिची क्षमता मोजून लिहून ठेवावी लागते. ज्या विमानांत मॅग्नेटोच्या जागी विजेवर चालणारी ठिणगीयंत्रणा व इंधनयोजना आली आहे, त्यांत हा आकडा म्हणजे इंजिनाचेच आयुष्य होय.

फ्यूजविषयीचा समजही असाच सुधारावा लागला. फ्यूज हा उपकरणाच्या रक्षणासाठी असतो असे सामान्यतः मानले जाते. वस्तुतः तो तारेच्या रक्षणासाठी असतो. तारेने पेट घेऊ नये म्हणून तो आधी तुटतो. म्हणून त्याचे मूल्य तारेच्या जाडीवरून ठरते. अमेरिकन मापाच्या २२ क्रमांकाच्या तारेस ५ अँपिअरचा फ्यूज हा प्रघात आहे. भारतीय वाचकाने येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. आपल्याकडील मोटार-वाइंडिंगच्या दुकानांत प्रचलित असलेले गेज ब्रिटिश मापाचे आहे. ब्रिटिश २२ क्रमांकाच्या तारेचा व्यास ०.७११ मिलिमीटर, तर अमेरिकन २२ क्रमांकाच्या तारेचा ०.६४४ मिलिमीटर असतो. क्रमांक एकच, परंतु तांबे सुमारे अठरा टक्के कमी. परदेशी नकाशावरून काम करणाऱ्याने माप कोणते हे लिहिले नाही, तर पुढच्या दुरुस्ती करणाऱ्यास ते तारेकडे पाहून कळणार नाही.

५. बिघाड शोधण्याची पद्धत

हौशी बांधणाऱ्यास सर्वाधिक चकविणारा दोष म्हणजे भाराखालीच प्रकट होणारा दोष. समजा, स्टार्टर मंद फिरतो. बांधणारा मल्टिमीटरने जोडाचा रोध मोजतो. काटा शून्य दाखवितो, आणि जोड निर्दोष ठरतो. परंतु स्टार्टर २०० अँपिअर प्रवाह ओढीत असेल आणि जोडाचा रोध केवळ ०.०१ ओहम असेल, तर त्या एका जोडावर २ व्होल्ट खर्ची पडतात. साध्या मल्टिमीटरला ०.०१ ओहम व शून्य यांतील भेद दिसत नाही. तो स्टार्टरला मात्र दिसतो. म्हणून अशा वेळी रोध न मोजता, स्टार्टर फिरत असताना प्रत्येक जोडाच्या दोन्ही बाजूंमधील दाबाचा फरक मोजावा लागतो. बॅटरीच्या टोकापासून स्टार्टरपर्यंत आणि तेथून परत बॅटरीपर्यंत असे एकेक टप्पे मोजीत गेले की हरवलेले व्होल्ट कोठे गेले ते सापडते. परतीचा मार्ग मोजण्याचे बहुतेक जण विसरतात, आणि दोष बहुधा तेथेच दडलेला असतो.

जोडांच्या बाबतीतही कारागिरीचा इतिहास उद्बोधक आहे. सोल्डरने झाळलेला जोड दिसावयास पक्का असतो. परंतु सोल्डर तारेच्या पदरांत शिरून काही अंतरापर्यंत ती ताठ करतो, आणि जेथे ताठ भाग संपून लवचिक भाग सुरू होतो तेथे इंजिनाच्या कंपनाने पदर तुटू लागतात. योग्य हत्याराने दाबून बसविलेला व आवरणासह धरलेला लग हा म्हणून अधिक प्रचलित झाला. याचा अर्थ सोल्डर वर्ज्य आहे असा नव्हे. त्यास आधार द्यावा लागतो, एवढाच आहे.

ही चिंता केवळ हौशी माणसाची नाही. २ सप्टेंबर १९९८ रोजी स्विसएअरचे १११ क्रमांकाचे विमान कॅनडाच्या किनाऱ्यालगत कोसळून २२९ जण मृत्युमुखी पडले. कॅनडाच्या तपास मंडळाने दीर्घ चौकशीनंतर असे दाखवून दिले की, छतावरील तारांमध्ये उद्भवलेल्या ठिणगीने ज्वालाग्राही आवरणास आग लागली, आणि प्रवाशांच्या करमणुकीच्या यंत्रणेची तार त्या घटनेशी संबंधित होती. असल्या ठिणगीने प्रवाह इतका वाढत नाही की साधे संरक्षक खटके तुटावेत. मूळ विमानात मागाहून जोडलेली यंत्रणा, तिच्या तारांचा मार्ग आणि तिची नोंद, हे त्रिकूट मोठ्या विमानातही इतके घातक ठरू शकते. मग ज्या विमानातील प्रत्येक यंत्रणा एकाच माणसाने मागाहून सुचेल तशी वाढविली, तेथे काय बोलावे?

६. महाराष्ट्रातील दोन उदाहरणे

महाराष्ट्रात गृहनिर्मित विमानाचा विषय निघाला की शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव प्रथम घेतले जाते. त्यांनी १८९५ मध्ये मुंबईस चौपाटीवर मनुष्यरहित यंत्र उडविले अशी कथा प्रसिद्ध आहे. तळपदे यांच्या जिज्ञासेविषयी आदर बाळगूनही असे म्हणावे लागते की, त्या यंत्राची मोजमापे, त्याच्या शक्तीचा उगम व चाचणीचा वृत्तांत तपासून पाहता येईल असा तांत्रिक पुरावा आपल्यापुढे नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाशी ही कथा पुढे जोडली गेली, त्याची चिकित्सा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी १९७४ मध्ये केली. तो ग्रंथ प्राचीन नसून विसाव्या शतकातील आहे आणि त्यात वर्णिलेली विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. येथे मुद्दा अभिमानाचा नसून पुराव्याचा आहे. नकाशाच नसेल तर कथेचे समर्थन करणाराही हतबल होतो आणि खंडन करणाराही.

दुसरे उदाहरण आपल्या काळातील आहे. व्यवसायाने वैमानिक असलेल्या श्री. अमोल यादव यांनी नव्वदीच्या दशकाच्या अखेरीपासून विमानबांधणीचे प्रयत्न चालविले. मुंबईतील कांदिवलीच्या चारकोप भागात राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान उभे केले, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईत भरलेल्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिले. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची नोंदणी व्हीटी-एनएमडी या अक्षरांनी झाली. उड्डाणाची परवानगी ऑक्टोबर २०१९ मध्ये मिळाली. आणि २०२० मध्ये धुळे येथील धावपट्टीवर त्याच्या उड्डाणचाचण्या झाल्या.

या तारखांमधील अंतर इतिहासकारास बोलके वाटले पाहिजे. नोंदणी म्हणजे विमानाची ओळख. ते उडण्यास योग्य आहे असा निर्वाळा नव्हे. निर्वाळा हवा असेल तर आत काय आहे ते परीक्षकास कळले पाहिजे. या विलंबात नियमांतील बदलांचा व प्रशासकीय गतीचा वाटा होताच, आणि वृत्तपत्रांनी त्याचीच चर्चा केली. परंतु त्याखाली एक मूलभूत प्रश्न आहे. बांधणारा व परीक्षक हे दोन अनोळखी पुरुष एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलणार? पत्र्याचा जोड हाताने ठोकून पाहता येतो, रिव्हेट मोजता येतात. तारांचा झुबका मात्र मुका असतो. त्याला बोलावयास लावणारी एकच भाषा आहे, आणि ती म्हणजे तारजोडणीचा नकाशा व त्याच्याशी ताडून पाहिलेली चाचणीची नोंद.

७. बुलढाणा जिल्ह्याच्या दृष्टीने

धुळ्याहून पूर्वेकडे येणारा राष्ट्रीय महामार्ग जळगाव, भुसावळ ओलांडून मलकापूर, नांदुरा व खामगाव या बुलढाणा जिल्ह्यातील गावांतून अकोल्याकडे जातो. धुळ्याच्या धावपट्टीवर जे घडले ते या जिल्ह्यास वाटते तितके परके नाही. खामगाव ही वऱ्हाडातील कापसाची नामांकित बाजारपेठ. जलंबहून तेथे जाणारा रेल्वेचा फाटा १८७० मध्ये लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खुला झाला, आणि सरकी काढण्याच्या व गठाणी बांधण्याच्या कारखान्यांमुळे यंत्रांची देखभाल करणारा कारागीरवर्ग या परिसरात उभा राहिला. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले व वीज विहिरींपर्यंत पोहोचली, तेव्हा जळालेले पंप पुन्हा भरून देणारी दुकाने तालुक्यातालुक्यांत निघाली.

या कारागिराची कार्यपद्धती आपल्या विषयास फार जवळची आहे. जळालेली मोटार उघडल्यावर तो तारा ओढून फेकून देत नाही. प्रथम वेढे मोजतो, तारेचे गेज पाहतो, खाचांचा क्रम ध्यानी घेतो व ते सारे वहीत उतरवितो. त्या वहीवाचून मोटार पुन्हा तशी भरता येणार नाही हे त्यास ठाऊक असते. औपचारिक शिक्षणाविना निर्माण झालेली ही तांत्रिक दप्तराची परंपराच होय. ग्रामीण तंत्रज्ञानाच्या इतिहासाची अशी साधने आपल्या विद्यार्थ्यांनी अद्याप हाती घेतलेली नाहीत, आणि दुकान बंद झाले की ती रद्दीत जातात.

यात केवळ विद्वत्तेचा प्रश्न नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील एक तरुण कारागीर स्वतः बांधलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना पाते तुटून मृत्यू पावला. तो दोष विजेचा नव्हता. परंतु त्याची शिकवण आपल्या विषयास लागू आहे. विदर्भातील खेड्यात बुद्धी होती, हात होता, जिद्द होती. नव्हता तो दुसरा डोळा : यंत्र फिरविण्यापूर्वी ‘हे तुटले तर काय?’ असे विचारणारा, आणि कागद पाहून विचारणारा.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, गृहनिर्मित विमानातील वीज ही प्रथम इंजिनाची सोबतीण होती. ती शंभर वर्षांत त्याची आधारशिला झाली, आणि म्हणून तिच्यातील बिघाडाचे स्वरूप गैरसोयीकडून प्राणसंकटाकडे सरकले. दुसरी, बिघाड शोधण्याची विद्या ही हातचलाखी नसून अनुमानाची शिस्त आहे. मॅग्नेटोच्या चाचणीपासून भाराखालील दाब मोजण्यापर्यंत तिचे सूत्र एकच, की यंत्राने दिलेले उत्तर कोणत्या प्रश्नाचे आहे ते आधी निश्चित करावे. तिसरी, या विद्येचे जतन लेखनावाचून होत नाही.

तळपद्यांच्या कथेस सव्वाशेहून अधिक वर्षे झाली आणि आपण अजून तिच्या सत्यासत्यतेविषयी वाद घालीत आहोत. गच्चीवर व अंगणात आज जे बांधले जात आहे, त्याविषयी आणखी शंभर वर्षांनी असाच वाद व्हावयाचा नसेल, तर तारेच्या प्रत्येक टोकास क्रमांक हवा आणि त्या क्रमांकाची वही ग्रंथालयात हवी. मलकापूर-खामगावच्या वाइंडिंगवाल्याच्या कळकट वहीपासून या संग्रहाचा आरंभ करता येईल. आणि पदव्युत्तर वर्गातील एखाद्या विद्यार्थ्याने तो केल्यास त्याचे काम कोणत्याही ताम्रपटाच्या वाचनाहून कमी मोलाचे ठरणार नाही.